आधी कॅसेट, मग कॉम्प्युटर

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



सॉफ्टवेअर इंजिनियर म्हटला की त्याला प्रिंटरसुद्धा दुरुस्त करता येतो, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. त्यामुळे मस्कतमध्ये कुठूनही जेवायचं बोलावणं आलं की मी पेनड्राइव्ह खिशात टाकूनच निघतो. तक्रार नाही, पुरणपोळी मिळते! पण हल्ली एक प्रश्न घरोघरी ऐकतो. "अरे, विंडोज १० बंद झालं म्हणे. मग हा कॉम्प्युटर टाकून नवा घ्यायचा का?"

तर मंडळी, विंडोज १० असलेला कॉम्प्युटर बंद पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे अपडेट थांबवले, म्हणजे त्यावर इंटरनेट आणि बँकेचे व्यवहार करणं हळूहळू धोक्याचं होत जातं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत. पण जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली आणि लिनक्स मिंट टाकलं, तर तोच कॉम्प्युटर मुलांच्या अभ्यासाला आणि आजीच्या कीर्तनाला छान चालतो. रुवीतला कुठलाही बरा दुरुस्तीवाला हे करून देईल. जाताना "स्लो झालाय" एवढंच सांगू नका. मॉडेल नंबर आणि रॅम किती आहे ते कागदावर लिहून न्या, म्हणजे तो नको ते गळ्यात मारणार नाही.

इथपर्यंत सोपं आहे. माझी खरी विनंती वेगळी आहे. जुना कॉम्प्युटर कुणाला द्यायच्या आधी त्याची मागची बाजू बघा. तिथे फायरवायरचं छोटं सॉकेट आहे का? सोनीच्या सामानावर त्याला आय-लिंक म्हणतात. नव्या लॅपटॉपवर ते मिळत नाही. आणि तुमच्या कपाटात मिनी-डीव्हीच्या कॅसेट असतील, तर त्या जशाच्या तशा उतरवून घ्यायचा रस्ता त्याच सॉकेटातून जातो. मिनी-डीव्हीत चित्र आधीच डिजिटल असतं. ते फायरवायरने घेतलं तर काही हरवत नाही. पिवळ्या पिनेच्या वायरने घेतलं तर चित्र उतरतं. एका तासाच्या कॅसेटला साधारण १३ जीबी जागा लागते.

व्हीएचएसचं दुखणं आणखी मोठं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली बजावलं होतं की टेपवरचं जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, ते बहुतेक कायमचं जाईल. टेप खराब होते हे एक कारण, आणि चालवणारी मशीनं व ती दुरुस्त करणारी माणसं संपत चालली हे दुसरं. ती तारीख उलटली. आपल्याकडे भर म्हणजे मस्कतची हवा. जुलै-ऑगस्टमध्ये आपण एसी बंद करून दोन महिने गावी जातो आणि कपाटातल्या कॅसेटला बुरशी धरते. टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालू नका. ती कॅसेट तर जाईलच, शिवाय हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटचंही नुकसान होईल. जून २००७ मध्ये गोनू वादळाचं पाणी कुर्रममधल्या घरांत शिरलं, तेव्हा इथे असलेल्यांना मी वेगळं सांगायला नको. सोफा नवा आणता येतो.

या कॅसेटवर आहे तरी काय? कुणाची मुंज, कुणाचं बारसं, मंडळाचे गणपती. आणि जे आजी-आजोबा आज नाहीत, त्यांचा आवाज. फोटो पुष्कळ असतात हो, पण आजोबांचं "काय रे बाळ्या" ऐकू येणारी वस्तू घरात एखादीच असते. म्हणून मी म्हणतो, आधी कॅसेट, मग कॉम्प्युटर.

तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, शॉर्टकट नाही. व्हीसीआरच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना यूएसबी कॅप्चरच्या डबीत, आणि डबी कॉम्प्युटरला. पहिल्यांदा बिनमहत्त्वाची कॅसेट लावून मशीन तपासा. कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची चकती मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होत नाही. दुकानात दिलीत तर मूळ कॅसेट परत मागून घ्या आणि फाइल एमपी४ मध्ये घ्या. फक्त डीव्हीडीवर विसंबू नका, घरी बर्न केलेल्या डीव्हीडीही वाचेनाशा होतात. एक कॉपी इथे ठेवा, दुसरी गावी भावाकडे.

जाता जाता, आपल्या जुन्या अंकांबद्दल. ज्यांनी ते श्रीलिपीत किंवा आकृतीत टाइप केले, त्यांनी त्याच कॉम्प्युटरवर आधी पीडीएफ करून घ्यावी. फॉन्ट गेला की सगळं किडामुंगी दिसतं. आणि कॉम्प्युटर दुसऱ्याला देताना आतली हार्ड डिस्क काढून घ्या; त्यात तुमचे पासपोर्ट आणि रेसिडंट कार्डाचे स्कॅन असतात.

आम्ही पाच-सहाजण शुक्रवारी सकाळी मदतीला बसायला तयार आहोत. चालू व्हीसीआर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी कृपया तो विकू नका, आम्हाला उसना द्या. नावं बाहेरच्या टेबलावर लिहून जा. एका घराच्या दोन कॅसेटपासून सुरुवात करू; सर्वात वयस्कर माणूस ज्यात दिसतो ती कॅसेट पहिली. आणि कॅमेरा आणताना त्याचा चार्जर तेवढा आठवणीने शोधून आणा. तोच नेमका हरवलेला असतो.