जठर, मज्जातंतु आणि रक्तांतील साखर



आखाजीच्या दिवशीं जळगांव-धुळ्याकडे घरोघरीं खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस असा बेत असतो. त्याच्या नुसत्या वासानें तोंडाला पाणी सुटतें, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु त्याच वेळीं जठरांतहि पाचक रस पाझरूं लागतो. घांस तोंडांत गेलेला नसतांना जठराला ही वार्ता कोण देतो?

ती देतो व्हेगस नांवाचा मज्जातंतु. मेंदूपासून निघून मान व छाती यांतून तो पोटांत उतरतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, गिळलेलें अन्न जठरांत पोंचूं न देतां बाहेर काढलें तरीहि जठररस स्रवतो. मात्र हे मज्जातंतु तोडले कीं स्रवत नाहीं. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांस १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा मार्ग एकेरी नव्हे. व्हेगसमधील बहुतेक तंतु उलट पोटाकडील बातमी मेंदूकडे नेतात. शिवाय रक्तांतील साखरहि जठरावर हुकमत चालविते. साखर फार उतरली कीं मेंदू व्हेगसद्वारां जठराला जागें करतो. भूक खवळते, आम्ल अधिक स्रवतें आणि अन्न आंतड्यांत लौकर ढकललें जातें. साखर चढली कीं जठराची चाल मंदावते. कोठार भरलेलें असतां नवा माल दारांतच थोपवावा, तसा हा व्यवहार आहे.

मधुमेहांत हा हिशेब बिघडूं शकतो. वर्षानुवर्षें साखर चढलेली राहिली तर तळपाय बधिर होतात, हें पुष्कळांस ठाऊक आहे. तशीच इजा व्हेगसलाहि पोंचूं शकते. मग अन्न तासन् तास जठरांत पडून राहतें, चार घांसांतच पोट भरतें, मळमळतें, उलटी होते. अशा मनुष्यानें जेवणापूर्वीं इन्शुलिन घेतलें तर औषध वेळेवर कामाला लागतें, अन्न मात्र मागें राहतें. आणि साखर एकाएकीं उतरते.

खानदेशांत ह्या प्रसंगाला उन्हाची जोड मिळते. पारा ४५ अंशांकडे झुकला असतां केळीच्या बागेंत राबणाऱ्यास दरदरून घाम फुटला, हात कांपूं लागले, तर ‘ऊन लागलें’ असें समजून त्याला सावलींत निजवितात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेल्याचीं लक्षणेंहि हींच! म्हणून तो इन्शुलिन घेणारा असेल तर प्रथम साखर तपासावी. सोय नसल्यास वाट पाहूं नये. तो शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून पाजावी. भाकरी किंवा केळें अशा मंद जठरांतून उशिरां पुढें सरकतें, साखरेचें पाणी लौकर जातें. पंधरा मिनिटांनीं पुन्हां साखर पहावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहींएक न घालतां तात्काळ रुग्णालय गांठावें.

ज्यांचें जठर असें मंदावलें आहे, त्यांनीं थोडें थोडें, पण अधिक वेळां जेवावें. तेल जठराला आणखी रेंगाळविते. म्हणून तेल सुटलेलें भरीत व पुऱ्या बेतानेंच घ्याव्या. उपवास धरण्यापूर्वीं इन्शुलिनची मात्रा व वेळ डॉक्टरांस विचारावी. आणि जेवणानंतर पोट जड राहत असेल तर तें अपचन म्हणून अंगावर काढूं नये. आपल्याला मधुमेह किती वर्षांचा आहे, हें त्याच वेळीं डॉक्टरांस सांगावें. एवढ्या एका वाक्यानें त्यांस अर्धें निदान सांपडतें.