तिरुवैयारुला वही घेऊन जा

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



धर्मावर बोलायला मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ आणि पूल सोडले तर माझा कशावर अधिकार नाही. पण आपल्या मंडळातली काही मुले तत्त्वज्ञान, संस्कृत, इतिहास घेऊन बी. ए. करत आहेत. त्यांच्या वह्या चाळल्या, तर त्यांत भक्तिसंप्रदाय म्हणजे पाच मार्कांची टीप! म्हणून तिरुवैयारुबद्दल बोलायचे ठरवले.

तंजावरपासून हे गाव सुमारे बारा किलोमीटरवर आहे. तिथे रेल्वे नाही, बसने जावे लागते. वाटेत पूल मोजा. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी. गावाचे नाव पुलांवरूनच कळते. हा मुलूख सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1855 पर्यंत भोसल्यांकडे होता, तेव्हा आपण तिथे अगदीच परके नाही.

संत त्यागराजांची (1767–1847) समाधी इथे कावेरीकाठी आहे. सरफोजीराजांनी त्यांना दरबारी बोलावले आणि त्यांनी ते नाकारले, असे परंपरा सांगते. राजा आपला मराठी होता, तरी या गोष्टीत मला त्यागराजच मोठे वाटतात. पौष वद्य पंचमीला त्यांची आराधना होते. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतल्या त्यांच्या पाच कृती शेकडो गायक-वादक एकत्र बसून म्हणतात. भाषा बहुतांशी तेलुगू, गाव तमिळ, श्रोते देशभरचे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फोटो काढले, प्रसाद घेतला आणि परत आलो. शेजारी एक कॉलेजची मुलगी वही घेऊन बसली होती. कोण कुठे बसले आहे, बायका किती, पुरुष किती, जेवणाचा खर्च कोण करतो, हे ती लिहीत होती. मला आधी हसू आले. नंतर बंगळूर नागरत्नम्मांची हकिकत कळली आणि हसू गेले.

त्या देवदासी कुळातल्या. 1920 च्या दशकात त्यांनी स्वतःचे दागदागिने आणि पैसा घालून समाधीवर मंदिर उभे केले. पण आराधनेचे गट पुरुषांचे, आणि तिथे बायकांना गायला मज्जाव! नागरत्नम्मांनी मग बायकांची वेगळी आराधना सुरू केली. सगळे एकत्र येऊन गाऊ लागले ते पुढे 1940 च्या सुमारास. 1952 साली त्या वारल्या. त्यांची समाधीही तिथेच, त्यागराजांच्या समोर आहे. त्या मुलीने बायका का मोजल्या, ते आता कळले ना? तुमच्या टिपेत हे कुठे बसते, सांगा बरे.

गावात ऐयारप्पर हे मोठे शिवमंदिर आहे. चित्तिरै महिन्यात, म्हणजे साधारण एप्रिल-मे मध्ये, तिथली पालखी आसपासच्या सहा गावांच्या देवळांना भेट देऊन परत येते. याला सप्तस्थान उत्सव म्हणतात. वारी पाहिलेल्या मुलाने ही पालखी चालून पाहावी आणि काय सारखे, काय वेगळे ते लिहावे. पालखीला खांदा कोणाचा आणि पाणी कोण देते, हेही विचारावे.

हरिकथा ऐकायला मिळाली तर सोडू नका. त्यात 'साकी' आणि 'दिंडी' कानावर पडेल. आपले मराठी कीर्तनकार तंजावरला गेले, तिथल्या कृष्ण भागवतरांनी ते कीर्तन कर्नाटक संगीतात मुरवले आणि तमिळ हरिकथा घडली. शिवाय तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला आहे, 1803 चा. अक्षर देवनागरी, तुम्हाला वाचता येईल. सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रे मात्र आज किती जणांना वाचता येतात? इंजिनिअरला येत नाहीत. तुम्ही मोडी शिकलात तर देवळांचे आणि अन्नछत्रांचे हिशेब वाचाल. कुठल्या उत्सवाला किती तांदूळ लागला, यातही धर्म कळतो.

तर येत्या पौषात ज्यांना यायचे आहे त्यांनी नावे मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. मुलींच्या पालकांशी मी स्वतः बोलेन. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तेव्हा दसरा झाला की लगेच नाव द्या. तिकिटांचे मी बघतो. वही मात्र ज्याची त्याने आणायची.