घरचा आकाशकंदील



सोलापूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता तामलवाडीवरून जातो. घटस्थापनेच्या सुमारास गावोगावचे तरुण आई तुळजाभवानीची ज्योत हाती घेऊन या वाटेने अनवाणी धावतात. कोजागरीला याच वाटेने लक्षावधी भाविक पायी तुळजापूर गाठतात. कुलधर्म पाळणाऱ्या घरांच्या देव्हाऱ्यात दिवटी-बुधली असते आणि गोंधळाच्या वेळी ती प्रज्वलित होते. दिवा हाताने सांभाळायचा आणि हाताने दुसऱ्याच्या दारी पोहोचवायचा, हा या मातीचा संस्कार आहे.

कोजागरीनंतर अवघ्या पंधरवड्यात दीपावली येते. एके काळी हा पंधरवडा घरोघरी आकाशकंदील बांधण्याचा असे. आता बहुतेक घरांत तो विकत येतो. त्याने दार उजळते हे खरे; पण घरातील कोणाचाही हात त्याला लागलेला नसतो. विचार करायला हवा तो इथे.

आकाशकंदिलाचे मूळ कार्तिकातील आकाशदीपात आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. त्यासारख्या धर्मग्रंथांनी हा दीप दामोदराला अर्पण करण्यास सांगितले आहे. देव्हाऱ्यातील समई घराला उजेड देते. उंच टांगलेला आकाशदीप वाटसरूलाही उजेड देतो. म्हणजे हा दिवा घराचा असूनही केवळ घरापुरता नाही.

तो घडवणे अवघड नाही. वीतभर लांबीच्या २४ सारख्या कामट्या घ्याव्यात. चार-चार कामट्यांची टोके दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. त्यांपैकी चार चौकोन टोकावर उभे धरून शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधले की कडे तयार होते. या कड्याच्या वरच्या चार टोकांना पाचवा चौकोन आणि खालच्या चार टोकांना सहावा चौकोन बांधला की सांगाडा पूर्ण झाला. मग एक नवल दिसते. चौकोन सहाच बांधलेले असतात. पण त्यांच्या मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप उमटतात. त्यांच्यासाठी एकही जादा कामटी लागत नाही.

एकटा चौकोन बोटाने ढकलला तरी कलतो. त्रिकोण कलत नाही. तरीही नुसता सांगाडा थोडा डुलतोच. कणकेच्या खळीने पतंगी कागद चिकटवावा. खळ वाळली की कागद ताणला जातो आणि सारे घट्ट होते. वरचा व खालचा चौकोन उघडा ठेवावा, म्हणजे आतील उष्णता निघून जाते. वर आडवी कामटी बांधून तिला दिवा टांगावा आणि खाली झिरमिळ्या लावाव्यात. जुना ६० वॅटचा दिवा कागद तापवीत असे. आज सुमारे ९ वॅटचा एलईडी जवळपास तेवढाच उजेड देतो. कागदाच्या कंदिलात पणती मात्र ठेवू नये.

या कामात घरातील प्रत्येकाला वाटा आहे. आजोबा कामट्या तासतात, आई खळ शिजवते, मुलगी गाठी मारते, धाकटा झिरमिळ्या कातरतो. ‘एकमेकां साहाय्य’ हा पाठ येथे व्याख्यानाने द्यावा लागत नाही. एक गाठ सैल राहिली की सारा कंदील वाकडा होतो, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.

दुसरा विचार बांबूचा. कामट्या जिथे मिळतात, त्या बुरुड समाजाच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य आहे. सुपे, टोपल्या, परड्या त्यांनीच पुरविल्या. प्लास्टिकने त्यांचा व्यवसाय हिरावला. वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू २०१७ मध्ये कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि त्याची तोड व वाहतूक सुलभ झाली. पण कायदा वाट मोकळी करतो, गिऱ्हाईक आणून देत नाही. कारागिराच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, त्याच्याकडून कामट्या तासायला मुलांना शिकवावे. स्वदेशी आणि समरसता हे शब्द त्या ओट्यावर प्रत्यक्षात येतात.

शेवटी एक विनंती. या भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांची दिवाळी फडाच्या कडेला, कोपीत होते. पाचटाच्या कोपीला उघडी ज्योत धोक्याची असते. म्हणून यंदा प्रत्येक घराने दोन कंदील बांधावेत. एक स्वतःच्या दारी लावावा. दुसऱ्यात बॅटरीचा छोटा दिवा बसवून तो जवळच्या ऊसतोड वस्तीवर स्वतः नेऊन द्यावा. मुलांना बरोबर न्यावे. तेथील मुलांसोबत बसून तिसरा कंदील तिथेच बांधता आला, तर फारच उत्तम.