चिकलठाण्याचं ते उड्डाण

26 एप्रिल 1993. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 वेळेत उचललंच गेलं नाही. धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला ते धडकलं, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळलं. 118 पैकी 55 जण दगावले. चौकशीत वैमानिकांचं चुकलेलं तंत्र आणि रस्त्यावरची न रोखलेली वाहतूक, दोन्ही कारणं नोंदली गेली.

कॉकपिटमध्ये दोघे असतात ते अशाच क्षणासाठी. एक विमान चालवतो, दुसरा वेगावर नजर ठेवून ‘रोटेट’, म्हणजे ‘नाक उचल’, असं पुकारतो. म्हणूनच दोन नवख्यांची जोडी लावायची नसते. पण ज्येष्ठ कॅप्टनपुढे सहवैमानिक गप्प राहिला, तर जोडीचा उपयोग काय? धोका दिसताच त्यानं बोलावं, कॅप्टननं ऐकावं, यासाठीचं प्रशिक्षण आज वैमानिकांना सक्तीचं आहे.