बालकांच्या डोक्याचा मार : गावचा डॉक्टर आणि तज्ज्ञ यांची सांगड



चिंचेच्या झाडावरून किंवा सायकलवरून मूल पडते, क्षणभर सुन्न होते आणि पुन्हा खेळू लागते. रक्त आले नाही म्हणून घरची माणसे निर्धास्त होतात. परंतु अशा मुक्या मारानेही मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. त्यासाठी शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, विसराळूपणा ही त्याची लक्षणे होत.

अशा बालकास प्रथम पाहतो तो गावचा डॉक्टर अथवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. कोणास तातडीने पुढे पाठवावयाचे, हा निर्णय त्याचा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी वा गुंगी, झटके, हातापायांतील अशक्तपणा, नाकाकानांतून पाझरणारे पाणी यांपैकी काहीही आढळल्यास विलंब घातक ठरतो. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

याउलट, सरसकट सी. टी. स्कॅन काढणेही उचित नव्हे. त्यातील किरणांचा धोका बालकांना अधिक असतो आणि साधा हादरा त्यात बहुधा दिसतही नाही. उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांत ४२,४१२ मुलांचा अभ्यास होऊन २००९ साली याविषयीचे निकष प्रसिद्ध झाले. वय, शुद्धीची पातळी, उलट्या, पडण्याची उंची अशा बाबींवरून कोणास स्कॅनची गरज नाही, हे त्यांच्या आधारे ठरविता येते. शंका उरल्यास ई-संजीवनी सेवेद्वारे तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

रुग्ण पुढे पाठविताना पडल्याची वेळ, शुद्धीचे मापन आणि दिलेली औषधे यांची नोंद सोबत हवी. तितकीच आवश्यक आहे ती तज्ज्ञाची परतीची चिठ्ठी. कारण पुढील देखरेख गावीच व्हावयाची असते. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग हळूहळू अभ्यास व शाळा, आणि डॉक्टरांच्या अनुमतीनंतरच कबड्डी किंवा क्रिकेट, हा क्रम पालकांना व गुरुजींना ठाऊक असला पाहिजे. पूर्ण बरे होण्याआधी बसलेला दुसरा मार अधिक धोक्याचा असतो. बहुतेक मुले चार आठवड्यांत पूर्ववत होतात. तक्रारी त्यापुढेही टिकल्यास मुलास पुन्हा तज्ज्ञाकडे पाठवावे.

तज्ज्ञ सर्वत्र असू शकत नाही. त्याचे ज्ञान मात्र एका चिठ्ठीने खेड्यापर्यंत पोहोचू शकते. ती चिठ्ठी दोन्ही बाजूंनी नियमाने लिहिली जावी, यातच बालकाचे हित आहे.