संस्थांच्या पाठीशी उभी राहणारी संस्था

करावे हे गाव आज पाम बीच मार्गालगतच्या उंच इमारतींच्या कडेला उरलेले एक गावठाण वाटते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, नव्या नगरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या आणि भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचे जीवन एका पिढीत पालटून गेले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली, तिच्यामागे ते रक्त आहे. संघटित होणे म्हणजे काय, हे या किनारपट्टीला कोणी शिकवण्याची गरज नाही.

परंतु आंदोलन उभे करणे वेगळे आणि संस्था चाळीस वर्षे चालवणे वेगळे. आंदोलनाला त्वेष लागतो, तर संस्थेला दप्तर लागते. ग्रामस्थ मंडळे, महिलांचे बचत गट, भजनी मंडळे, गणेशोत्सव मंडळे, मच्छीमारांच्या सहकारी संस्था, आणि अलीकडे पाणथळ जागा व खारफुटी यांच्या रक्षणासाठी झटणारे नागरिकांचे गट, असा मोठा पसारा या परिसरात आहे. यांतील कोणालाही निष्ठा कमी पडत नाही. कमी पडते ती इतिवृत्त लिहिणारी, हिशेब जुळवणारी, मुदती सांभाळणारी व्यवस्था. ती व्यवस्था प्रत्येक लहान संस्थेने स्वतंत्रपणे उभारणे परवडणारे नाही. म्हणूनच करावे-नेरुळ परिसरातील सर्व सेवाभावी संस्थांसाठी एक सामायिक संसाधन केंद्र असावे, असा विचार येथे मांडावयाचा आहे.

हा विचार नवा नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा सदस्याला पाच वर्षांचे प्रशिक्षण ठेवले होते. देशसेवेसाठी भावना पुरेशी नाही, अभ्यास आणि शिस्त हवी, हे त्यामागील सूत्र होते. त्याच समाजातील ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची उभारणी केली. ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत. हिशेब देणे हा त्यांच्या लेखी लोकप्रतिनिधीचा धर्म होता. त्यांच्या निधनानंतर १९८२ मध्येच सुरू झालेली आणि भाईंदरजवळ उत्तन येथील केशवसृष्टीत नांदणारी रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींबरोबर स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांनाही प्रशिक्षण देत आली आहे. तथापि उत्तनला दोन दिवसांचे शिबिर करून आलेल्या कार्यकर्त्याला सोमवारी सकाळी बँकेचे पत्र हाती पडले, तर विचारायचे कोणाला? प्रशिक्षणाला शेजाराची जोड हवी. केंद्र गावात हवे ते यासाठी.

अडचण नेमकी कोठे येते, हे एका उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात एखादे मंडळ १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदले गेले, की त्याला १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचेही बंधन येते. विश्वस्त बदलला, निवर्तला, राजीनामा दिला, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. सारे त्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणूनच ओळखतात. आता गावोगावी काय घडते? मंडळाची निवडणूक वाजतगाजत होते, नव्या अध्यक्षांचा सत्कार होतो, नारळ फुटतो, आणि अर्ज कोणीच करीत नाही. पंधरा-वीस वर्षे अशीच जातात. मग सभागृहाची दुरुस्ती निघते, देणगीदार शेड्यूल एकचा उतारा मागतो, आणि त्या उताऱ्यावरील सात नावांपैकी पाच जण स्वर्गवासी झालेले असतात! बँक नव्या सह्या मानीत नाही. जुनी इतिवृत्ते कोणाच्या तरी माळ्यावर वाळवीने खाल्लेली असतात. त्यातच एखादा दुखावलेला सभासद हरकत घेतो आणि ज्यांनी एकत्र बसून काम करावयाचे ते भाऊबंद सुनावणीच्या तारखांना समोरासमोर उभे राहतात. मंडळात एका पैशाचाही अपहार झालेला नसतो. नुसता एक कागद वेळेवर गेलेला नसतो.

याउलट केंद्राच्या भिंतीवर सभासद संस्थांचा एक तक्ता असेल, त्यावर प्रत्येकीची वार्षिक सभा, लेखापरीक्षण, निवडणूक यांच्या तारखा असतील, आणि सभा झाल्याच्या आठवड्यातच केंद्राचा कार्यकर्ता ठराव, राजीनामे, मृत्यूचे दाखले गोळा करील, तर हे सारे प्रकरण अर्ध्या दिवसाचे काम आहे.

गेल्या काही वर्षांत नियमही पुष्कळ बदलले. २०२१ पासून प्राप्तिकर सवलतीच्या जुन्या, कायमच्या समजल्या जाणाऱ्या नोंदण्या मुदतीच्या झाल्या. मुदत चुकली की देणगीदाराची सवलत जाते. मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे १ एप्रिल २०१४ पासून बंधनकारक झाले, आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा तर करावे गावापासून हाकेच्या अंतरावर. पण तो निधी घेण्यासाठी संस्थेची केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी लागते आणि बहुधा तीन वर्षांच्या कामाची नोंद दाखवावी लागते. ज्या महिला मंडळाने दहा वर्षे मुलांचे अभ्यासवर्ग चालवले, पण हजेरीपट कधी जपला नाही, त्यांच्याकडे काम आहे आणि पुरावा नाही. निधी मग दूरच्या, सुबक अहवाल छापणाऱ्या संस्थेकडे जातो. गावाच्या गरजा तिला ठाऊक नसतात. सादरीकरण मात्र उत्तम करता येते.

परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसरीला देण्यास मज्जाव झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. यावर पुष्कळ ओरड झाली. परंतु गावाच्या संस्थेने परक्याच्या पैशावर उभे राहू नये, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे : परका पैसा नको म्हणणाऱ्या समाजाने स्वतःचा हात सैल सोडला पाहिजे. हिशेबनिसाला मानधन देण्याची वेळ आली की हात आखडणारे देणगीदार मखरासाठी सहज पावती फाडतात, हे चित्र काही भूषणावह नाही.

मनुष्यबळाचा विचार केला तर करावे परिसर भाग्यवान म्हणावा लागेल. गावठाणात माणसांचा संग्रह आहे, परंपरा आहे. रस्ता ओलांडला की नेरुळ-सीवूड्सच्या सोसायट्यांतून सनदी लेखापाल, वकील, निवृत्त बँक अधिकारी, संगणक जाणणारे तरुण राहतात. हे दोन समाज एकाच बाजारात मासळी घेतात आणि परस्परांना ओळखत नाहीत. महिन्यातून चार तास देणारे असे दहा जाणकार केंद्राला लाभले, तर तीस-चाळीस संस्थांचे दप्तर मार्गी लागू शकेल. आणि देवाणघेवाण एकतर्फी राहणार नाही. खाडीची भरती-ओहोटी, खारफुटीतले पक्षी, पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते, हे सारे सोसायटीतल्या निवृत्त अधिकाऱ्याला शिकवणारा कोळी शेजारीच आहे.

केंद्राला वास्तू मोठी नको. समाजमंदिरातील एक खोली, एक कपाट, एक संगणक आणि ठरलेल्या वेळी हमखास हजर असणारा एक माणूस. प्रत्येक सभासद संस्थेने अल्प का होईना वार्षिक वर्गणी द्यावी. फुकट मिळालेल्या सल्ल्याची किंमत राहत नाही. धोकेही आहेत. केंद्र एखाद्या नगरसेवकाचे कार्यालय झाले, तर दुसऱ्या गटाच्या संस्था त्याची पायरी चढणार नाहीत. केंद्राने स्वतःच उपक्रम घ्यायला आणि निधी मागायला सुरुवात केली, तर ते सभासदांचेच प्रतिस्पर्धी होईल. एका संस्थेच्या हिशेबातील चूक दुसरीच्या कानावर गेली, तर विश्वास कायमचा उडेल. म्हणून केंद्राच्या कार्यकर्त्याला जीभ आवरता आली पाहिजे. संगणक त्यानंतर शिकवता येतो.

पहिल्या वर्षी करावे, दारावे, नेरुळ आणि बेलापूर येथील संस्थांची घरोघरी जाऊन नोंद करावी. कोणाची नोंदणी कोणत्या कायद्याखाली, शेवटचा बदल अर्ज कधी, इतिवृत्ताची वही कोणाकडे, एवढे तीन प्रश्न पुरेत. ज्या मंडळांचे उताऱ्यावरील विश्वस्त हयात आहेत पण वयोवृद्ध झाले आहेत, त्यांच्याकडे आधी जावे. त्यांच्या सह्या आज मिळू शकतात.