तीन मखरं, एक हॉल : भुलाबाईपाशी बसणार कोण?

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त मधले अडखळे काढलेत.)



आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवर आहे. अकोल्याच्या एका ताईंनी पाठवलाय. त्यांच्या कॉलनीत वीसेक घरं. निम्मी आपली वऱ्हाडातली, चार-पाच जळगाव-भुसावळकडची, तीन-चार सातारा-कोल्हापूरकडून नोकरीनं आलेली. कॉलनीला हॉल आहे. तर यंदा ठरलं की कोजागिरीला हॉलमध्ये मोठा कार्यक्रम करायचा. तीन मखरं मांडायची. एकात आपली भुलाबाई, एकात खानदेशाची गुलाबाई, एकात पश्चिम महाराष्ट्राचा हादग्याचा हत्ती. गाण्यांची स्पर्धा, बक्षिसं, मग आटीव दूध. कल्पना चांगली आहे, मला आवडली.

पण मीटिंगमध्ये दोन गोष्टींवरून अडलं. पहिली, मधलं मखर कोणाचं. यावर म्हणे पाऊण तास गेला. दुसरी गोष्ट एका आजींनी विचारली, आणि तिच्यावर कोणीच काही बोललं नाही. आजी म्हणाल्या, "मखर मांडसान बाप्पा, पण तिच्यापाशी बसन कोण?"

ताईंचा प्रश्न मधल्या मखराचा होता. मी मात्र आजींच्या प्रश्नावर बोलणार आहे, कारण माझ्या मते तो सुटला की पहिला आपोआप सुटतो.

ज्यांना भुलाबाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्या-मुंबईचे श्रोतेही आहेत आपल्याकडे, त्यांना भोंडला माहीत असतो, भुलाबाई नसते. भाद्रपद पौर्णिमेला मातीची जोडी घरात बसते, भुलाबाई आणि भुलोजी. म्हणजे पार्वती आणि शंकर. बऱ्याच मूर्तींत मांडीवर किंवा मधोमध बाळ गणपतीही असतो. कोजागिरीपर्यंत म्हणजे महिनाभर ती राहते. रोज संध्याकाळी पोरी जमतात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. एका घरची झाली की दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या. नाव कशावरून, तर गोष्ट अशी सांगतात की शंकर सारीपाटात हरला, रुसून रानात गेला, आणि पार्वती भिल्लीण होऊन त्याला भुलवायला गेली. म्हणून ती भिल्लीण, भुलाबाई. माझ्या लेखी या गोष्टीत मोठी मजा आहे. आपल्या मेळघाटाच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलखात देवीला रानातल्या बाईचं रूप घ्यावं लागतं, आणि पोरी त्या रूपाची पूजा करतात, राजवाड्यातल्या रूपाची नाही.

गाणी तर सासर-माहेराचीच. सुनेला माहेरी जायचंय आणि सासरचं एकेक माणूस काहीतरी कारण काढून तिला अडवतंय, या धर्तीची. सहा-सात वर्षांच्या पोरी हसत हसत ती म्हणतात. भुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली लेक, असंच घराघरात मानतात. भुलोजी सोबत आलेला जावई, तो आपला शेजारी गप बसलेला.

आणि खाऊ! प्रत्येक घरी गाणी झाली की झाकलेला डबा येतो. पोरींनी ओळखायचं. गोड का तिखट? कोरडं का ओलं? डबा हलवून आवाज ऐकायचा. ओळखलं नाही तोवर सुटका नाही. कोणाच्या घरी फुटाणे, कोणाच्या घरी खोबऱ्याची खिरापत. आता मॅगी नि पास्ताही येतो म्हणतात, येऊ द्या. पोरींना ओळखता आलं नाही की त्या घरच्या बाईला काय आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो.

अजून एक गोष्ट. हिशोब लावून पाहा. भाद्रपद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागतो. म्हणजे भुलाबाईचा निम्मा मुक्काम पितरांच्या पंधरवड्यात. ज्या दिवसांत आपण नवं कापड घेत नाही, लग्नाची बोलणी करत नाही, त्याच दिवसांत घरात ही लेक बसलेली असते आणि पोरी तिच्यापुढं टिपऱ्या वाजवत असतात. मुहूर्ताची भीती लेकीला नसते, असा मी याचा अर्थ लावतो. कोणी शास्त्रार्थ काढायला बसू नका.

आता जरा लांब जातो, पण कारण आहे. आयर्लंडमध्ये जायचंय.

तिथं ब्रिजिड नावाची देवी होती. साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या एका जुन्या आयरिश शब्दकोशात तिचा उल्लेख आहे. त्यात एक नाही, एकाच नावाच्या तीन बहिणी आहेत. एक कवितेची, एक औषधोपचाराची, एक लोहारकामाची. ख्रिस्ती धर्म आल्यावर किलडेअर गावची संत ब्रिजिड झाली, आणि देवीच्या बऱ्याच गोष्टी संतिणीकडं आल्या असं अभ्यासक मानतात. तिचा सण १ फेब्रुवारीचा, तिकडच्या वसंताची सुरुवात. २०२३ पासून आयर्लंडमध्ये त्यासाठी सरकारी सुट्टी आहे.

पण मला सुट्टीचं कौतुक नाही. आदल्या संध्याकाळचं आहे. ३१ जानेवारीला गावातल्या पोरी गवताची, लव्हाळ्याची बाहुली करत. तिला कापडं नेसवत आणि दारोदार नेत. घरचे काहीतरी हातावर ठेवत. स्कॉटलंडच्या बेटांवर बायका तिच्यासाठी घरात छोटंसं अंथरूण घालत, दारात उभं राहून तिला 'ये' म्हणत. आता सांगा, ही आपली भुलाबाई नाही तर कोण! काही नातं जोडत नाहीये मी, वऱ्हाडातून कोणी आयर्लंडला गेलं नि तिकडून कोणी इकडं आलं असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. पण देवीला बाहुली करून पोरींच्या हाती देणं, आणि दार उघडून तिला घरात घेणं, हे दोन्ही ठिकाणच्या बायकांना सुचलं.

आजकाल युरोप-अमेरिकेत हे जुने देव नव्यानं मानणारे लोक आहेत, स्वतःला पेगन म्हणवतात. त्यांची संमेलनं भरतात. तिथं तंबूत, खोलीत वेगवेगळ्या देवांची देवघरं मांडतात, त्यांत ब्रिजिडही असते. म्हणजे अकोल्याच्या हॉलमधली तीन मखरं हा काही आपल्यापुरता प्रश्न नाही. वेगवेगळ्या घरचे देव एका छताखाली आणले की तिकडंही हेच येतं. मांडायला सगळे पुढं, पण दिवा विझला तर लक्ष कोणाचं?

याचं एक जुनं उत्तर किलडेअरमध्येच आहे. बाराव्या शतकात एका प्रवासी धर्मगुरूनं लिहून ठेवलंय. तिथं ब्रिजिडचा अग्नी अखंड तेवत असे. १९ जोगिणी, एकेकीची एक रात्र. विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडं रचून ठेवी आणि म्हणे, ब्रिजिडबाई, आजची पाळी तुझी. सकाळी लाकडं जळालेली, अग्नी तसाच. चमत्कार खरा की खोटा यात मी पडत नाही. पाळीचं वेळापत्रक मात्र एकदम पक्कं आहे, आणि देवीलाही त्यात धरलंय! पुढं तो अग्नी विझला, १९९३ साली तिथल्या जोगिणींनी पुन्हा पेटवला. आणि आज जगभर विखुरलेले काही लोक आपापल्या घरी अशीच वीस दिवसांची पाळी लावून एकेक दिवस दिवा सांभाळतात.

तर ताई, माझं सांगणं हे. कोजागिरीचा हॉल ठेवा, पण भुलाबाई हॉलमध्ये एका दिवसासाठी आणू नका. आधी तिला घरं द्या. २०२५ साली भाद्रपद पौर्णिमा ७ सप्टेंबरला होती आणि कोजागिरी ६ ऑक्टोबरला. मोजा, बरोबर ३० संध्याकाळी. वीस घरं आहेत. काहींना एक संध्याकाळ, काहींना दोन. एकच जोडी कॉलनीची, ती घरोघर फिरेल. ज्या घरी आज भुलाबाई, ते घर आज यजमान. त्यांनी दिवा लावायचा, खाऊ झाकायचा, पोरींना घरात घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी जोडी उचलून पुढच्या घरी पोचवायची. ज्या संध्याकाळी साताऱ्याच्या घरी पाळी, त्या संध्याकाळी हत्तीचा पाटही तिथं मांडा, फेर धरा. हस्त नक्षत्र लागलं की हादगा एरवीही याच दिवसांत येतो. जळगावच्या घरी ती गुलाबाई म्हणून बसेल, गाणी त्यांची होतील. मूर्ती तीच, नाव घर ठरवील. ब्रिजिडच्या तीन बहिणी एका नावानं राहिल्या, आपली एक बाई दोन-तीन नावांनी राहील.

मग कोजागिरीला मधलं मखर कोणाचं हा प्रश्नच उरत नाही, कारण मखर एकच लागेल.

स्पर्धेबद्दल स्पष्ट बोलतो. स्टेजवरचे महोत्सव जळगावकडं होतात, आपल्याकडंही होतात, आणि त्यांनी गाणी टिकवली हे मी मान्य करतो. आज ज्या पंचविशीतल्या पोरींना भुलाबाईची दहा गाणी येतात, त्यांतल्या कित्येकींना ती शाळेच्या नाहीतर महोत्सवाच्या सरावात आली. पण स्टेजवर दोन गोष्टी होऊच शकत नाहीत. एक, खाऊ ओळखणं. तीनशे लोकांसमोर कोणता डबा हलवणार? दुसरी, उंबरठा ओलांडणं. पोरगी एरवी ज्या घरात कधी जात नाही, त्या घरात भुलाबाईच्या निमित्तानं जाते. त्यांच्या स्वयंपाकघराचा वास घेते, त्यांची आजी बघते.

आणि इथं खरी अडचण आहे, ती झाकून ठेवायची नाही. पोरी कोणकोणत्या घरी जातात? आपापल्या गावातलं, गल्लीतलं आठवून बघा. टिपऱ्यांचा आवाज कोणत्या गल्लीशी थांबायचा? याच वऱ्हाडात, अमरावतीला, अंबादेवीच्या मंदिरात सगळ्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ च्या सुमारास सत्याग्रहाची हाक द्यावी लागली. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढं होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यासाठी अमरावतीला आले होते. अंबादेवीला मंदिर आहे, दार आहे, म्हणून भांडण दिसलं तरी. भुलाबाईला मंदिर नाही. तिचं दार म्हणजे आपल्या वीस घरांची वीस दारं, आणि तिथं कोणाला वगळलं तर ते कुठं लिहिलंही जात नाही.

म्हणून पाळीची यादी करताना एक करा. यादी जिन्यात लावा. घरमालक असो की भाडेकरू, सगळ्यांना विचारा, आणि उत्तर काय येईल हे आधीच धरून चालू नका. कोणी म्हणेल आम्ही मूर्ती बसवत नाही, पण खाऊ आमच्याकडून. चालेल की! कोणी नको म्हणेल, तेही चालेल. पण न विचारता ओलांडून पुढं जाऊ नका. आणि पोरं येतो म्हणाली तर येऊ द्या, टिपरी वाजवायला हात लागतात, बाकी काही लागत नाही.

आजींबद्दलही सांगतो. ताई म्हणाल्या की त्या आजी एकट्या राहतात, यजमान गेले, म्हणून त्या स्वतःच म्हणतात 'माझ्या घरी कशाला'. अहो, भुलाबाई पोरींची देवी आहे. हळदीकुंकवाचे नियम तिला कशाला लावता? आणि गाणी पाठ कोणाला आहेत, तर बहुतेक घरांत अशाच आजींना. पहिली पाळी त्यांच्याच घरी लावा. "बसन कोण" हे त्यांनी विचारलंय, पहिला मान त्यांचा.

बरं, पहिल्या दिवशी एक घोळ असू शकतो. २०२५ साली ७ सप्टेंबरच्या रात्रीच खग्रास चंद्रग्रहण होतं. दहाच्या सुमारास लागलं, पण वेध पाळणारे दुपारपासून पाळतात. असं ग्रहण आलं आणि तुमच्यात पाळणारे असतील तर सकाळीच बसवून टाका, दहा-साडेदहाला. नाहीतर दुसऱ्या दिवशी. यावरून पुन्हा पाऊण तासाची मीटिंग नको. आणि पाळत नसाल तर गाणी म्हणा नि गच्चीवर जाऊन पोरींना ग्रहण दाखवा. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी बघता येतं.

आता कोजागिरीचं. त्या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर करतात, त्यात भुलाबाई बसते. काही घरी ३३ प्रकारचा खाऊ करायची रीत आहे. तुमच्याकडं वीस घरं, प्रत्येकानं दीड पदार्थ आणला तरी जवळपास होतंय! पण धांडे आतापासून बघा. ज्वारी आपल्याकडं कमी झाली, जिकडं तिकडं सोयाबीन नि कपाशी. मागच्या पिढीत कुंपणाबाहेर हात घातला की धांडा मिळायचा, आता शहरात पाच धांड्यांसाठी कोणाच्या तरी गावी फोन करावा लागतो. कणसासकट हवेत, हिरवे हवेत. वाळका कडबा आणून उभा करू नका, ती लेक आहे, गाय नाही.

श्रोत्यांमध्ये ज्यांच्या वावरात यंदा ज्वारी आहे, अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, कुठंही, त्यांनी पाच धांडे कॉलनीसाठी राखून ठेवता येतील का ते कळवा. ताईंचा नंबर मी इथं देणार नाही, मला मेसेज करा, मी जोडून देतो. आणि ताई, यादी जिन्यात लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला सांगा, रिकाम्या किती संध्याकाळी राहिल्या. राहिल्याच तर त्या किलडेअरवाल्यांसारखं करा. त्या संध्याकाळी हॉलमध्ये दिवा लावा, आणि पाळीच्या रकान्यात भुलाबाईचंच नाव लिहा.

चला, भेटू पुढच्या भागात.